टनामागे अकराशे पन्नास

सोमवार, मार्च २०२५, सांगली मार्केट यार्ड

दुपारी दोन वाजता गाडी गोदामाला लावली. पाच वाजेपर्यंत तिच्याकडे कुणी फिरकलंही नाही. सौदे संपायचे, मग वजनं, मग हमाल मोकळे व्हायचे. मार्च म्हणजे नव्या हळदीचा भर. यार्डात पाय ठेवला की नाकात हळद आणि बोटांची पेरं पिवळी. दाजी केबिनच्या सावलीत पाय पसरून बसले होते. मला म्हणाले, "लिवा पाव्हणं. तीन तास. ह्याचं काय लिवता?"

माझ्या वहीत त्याला रकानाच नव्हता.

मी कर सल्लागाराच्या ऑफिसात लोकांचे हिशेब लिहितो. दाजींचाही मीच लिहितो. माणूस आटपाडीकडचा. अकरा वर्षं दुसऱ्याच्या गाड्या चालवल्या आणि मग दहा टायरचा जुना ट्रक, २०१९ चं मॉडेल, फायनान्सवर घेतला. माझ्या कागदावर ते दर महिन्याला थोडे थोडे बुडतात आणि तरी गाडी चालू असते. महिनाअखेरीला विमा भरायचा आहे. तो भरायचा की त्याआधी गाडी विकायची, यावर ताई आणि ते महिनाभर घासाघीस करत होते. शेवटी दाजींनी मलाच धरलं. "कागदावर न्हाई कळायचं ते. एक खेप शेजारी बसून बगा." क्लीनरची सीट तशीही रिकामीच. क्लीनर परवडत नाही म्हणून गेली तीन वर्षं ते एकटेच जातात.

सकाळी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात भाव ठरला, तेव्हा मी सोबत होतो. वाशीच्या मसाला मार्केटला हळद, १८ टन, टनाला ११५०.

"मागच्या आठवड्यात बाराशे हुतं की."

"मालक, बाहेर तीन गाड्या उभ्या हायत."

झालं. सौदा म्हणायचा तो एवढाच. मी मात्र मनात भागाकार केला. टनाला ११५० म्हणजे किलोला एक रुपया पंधरा पैसे. यार्डात त्या दिवशी हळद किलोला दीडशेच्या घरात चालली होती.

पाचनंतर भराई सुरू झाली. पन्नास किलोची ३६० पोती. थर बघत दाजी मागे-पुढे करत होते, वजन पुढच्या ॲक्सलवर जास्त येऊ नये म्हणून. शेवटी हमालांनी वाराई मागितली, ९०० रुपये. ही वाराई म्हणजे आमच्याकडचं जुनं दुखणं. माल व्यापाऱ्याचा, तो उचलायची मजुरी मात्र गाडीवाल्याच्या खिशातून. सांगली-कोल्हापूरच्या लॉरीवाल्यांनी ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ म्हणून किती आंदोलनं केली. दाजींनी घोषणा दिल्यात, मोर्चात चाललेत आणि त्या दिवशी खिशात हात घालून ९०० मोजले. हमालाशी भांडण नाही, त्याने पाठीवर १८ टन वाहिलेत. त्याचे पैसे कुणी द्यायचे, वाद तेवढाच.

वाट बघता बघता यार्डातला एक म्हातारा दिवाणजी हरिपूरच्या पेवांच्या गोष्टी सांगत बसला. कृष्णा-वारणेच्या संगमाशेजारच्या त्या जमिनीत पेवं खणायची, त्यात वर्षानुवर्षं हळद साठवायची, कीड नाही की काही नाही. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि पेवांची मोठी हानी झाली. आता गोदामं आली. "पेवात हळद थांबायची, आता गाडी थांबते," असं तो म्हणाला आणि स्वतःच हसला. दाजी हसले नाहीत.

काटा करून, ताडपत्री बांधून अकराला निघालो.

सोमवारची रात्र, मंगळवारचा दिवस

तुंग, आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका. सांगली-पेठ हा रस्ता खड्ड्यांसाठी इतकी वर्षं बदनाम आहे, की आमच्याकडे पाटे मोडण्याचा खर्च लोक याच रस्त्याच्या नावे लिहितात. हंगाम संपत आला होता, तरी उसाचे ट्रॅक्टर अजून चालू होते. दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. दाजींचा सगळा वेळ अंधारात त्या ट्रॉल्या शोधण्यात गेला.

पेठ नाक्याला हायवेवर चढलो. कऱ्हाड मागे पडलं, तासवडेला फास्टॅगचा पहिला ‘टुंग’ वाजला. उंब्रजच्या पुढे एक एसटी आम्हाला ओलांडून गेली. मी सहज म्हणालो, जानेवारीत हिचं तिकीट १४.९५ टक्क्यांनी वाढलं. दाजींनी विचारलं, "कुणी वाढवलं?" म्हटलं, सरकारनं. डिझेल, टायर, पगार वाढले म्हणून.

"मग माजं टायर सरकारी दुकानात मिळत्यात काय?"

उत्तर मला माहीत होतं, पण त्या वेळी तोंडातून निघालं नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम ६७ मध्ये राज्य सरकारला प्रवासी गाड्यांचं आणि मालवाहू गाड्यांचंही भाडं ठरवायचा अधिकार दिलाय. एसटीचं, रिक्षाचं ठरतं. ट्रकचं बाजारावर सोडलंय. डिझेलही ऑक्टोबर २०१४ पासून बाजारावर आहे आणि जून २०१७ पासून त्याचा भाव रोज बदलू शकतो. डिझेलच्या बाजारात मोजक्या कंपन्या विकतात. भाड्याच्या बाजारात मात्र एक गाडी, दोन गाड्या असलेली लाखो माणसं आपला दर ‘ठरवतात’. दोन्हीला आपण बाजार हा एकच शब्द वापरतो, याची मला त्या रात्री गंमत वाटली. झोप येत होती, म्हणूनही असेल.

साताऱ्याचे दिवे डावीकडे लांब राहिले. आनेवाडीचा टोल, सुरूर, मग खंबाटकीचा बोगदा. पुण्याकडे जाताना बोगदा आणि येताना घाट, अशी इथली रीत. बोगद्यातून बाहेर पडल्यावरचं ते इंग्रजी एस अक्षरासारखं वळण दाजींनी तिसऱ्या गिअरवर, इंजिनच्या दमावर घेतलं. मागचा एक ट्रक सुसाट निघून गेला, इंजिनाचा आवाजच नाही.

"न्यूट्रल मारलाय. डिझेल वाचवतोय."

"तुम्ही?"

"पयल्यांदा मारायचो. एका उताराला पावशेर वाचतंय. आता भ्या वाटतं."

कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना याच पावशेरापायी किती अपघात झालेत, ते पुण्यातल्या माणसाला सांगायला नको. पेपरात ‘ब्रेक निकामी’ एवढंच येतं. टनाला किती भाडं होतं ते त्यात येत नाही.

शिरवळच्या अलीकडे एका ढाब्यावर पहाटे तीन ते सहा झोपलो. दाजी सीटवर, मी मागच्या फळीवर, डोक्यापाशी खरसुंडीच्या सिद्धनाथाचा फोटो.

सकाळी पुणं ओलांडायलाच तीन तास गेले. पुढे एक्स्प्रेस वे. तीन ॲक्सलच्या गाडीला एप्रिल २०२३ पासून एका बाजूचा टोल १,६३० रुपये. बोरघाट उतरताना कॅमेऱ्यांची भीती, लेन चुकली तर मोबाइलवर चलन. दोन वाजता वाशी.

गाडी लागली आणि कळलं, आज खाली होणार नाही. गोदामात जागा नाही, उद्या सकाळी. थांबण्याचे पैसे? बिल्टीच्या, म्हणजे मालाच्या पावतीच्या, मागे बारीक अक्षरात हॉल्टिंगचा दर छापलेला असतो. दाजी म्हणतात, तो दर मिळालेला माणूस मला दाखवा, मी पाया पडतो.

बुधवार, वाशी ते कळंबोली

सकाळी दहाला माथाडी आले. बोलण्यावरून ओळख पटली, टोळीतले निम्मे पाटण-जावळीकडचे. एकाने दाजींना विचारलं, "सातारकडनं आलासा? पाऊस-पाणी?" मार्चात कसला पाऊस, पण गावाकडचं माणूस भेटलं की आधी तेच विचारतात.

दीड तासात ३६० पोती खाली. हे काम बघताना एक गोष्ट खुपली आणि अजून खुपतेय. महाराष्ट्रात माथाडी कायदा १९६९ साली झाला. त्यामागे अण्णासाहेब पाटलांची चळवळ होती आणि तेही पाटण तालुक्यातलेच. त्या कायद्यामुळे हमालाला बोर्ड मिळालं, ठरलेली मजुरी मिळाली, प्रॉव्हिडंट फंड मिळाला. ज्या माणसाच्या पाठीवर पोतं आहे त्याला कायद्याने दर दिला, ते रास्तच. पण तेच पोतं साडेतीनशे किलोमीटर आणणाऱ्याला काय? तो कायद्याच्या नजरेत कामगार नाही, ‘वाहनमालक’ आहे. खाली बनियन, वर फायनान्सचा हप्ता, आणि म्हणे मालक.

इथली वाराई १,४००. पोहोच पावतीवर शिक्का मारून घेतला. हा शिक्का दाजी पैशासारखा जपतात, कारण भाड्यातले १४,००० ॲडव्हान्स मिळालेत आणि दलाली-बिल्टीचे ७०० कापून उरलेले ६,००० या कागदावर अडकलेत. ते कधी मिळतील, महिन्याने की दीड महिन्याने, ते ट्रान्सपोर्टवाल्याच्या मर्जीवर. डिझेल मात्र रोख.

तीन वाजता कळंबोली. लोखंडाचा बाजार, आणि त्याच्याभोवती उभ्या गाड्यांचं गावच वसलेलं. केए, टीएन, जीजे, आमचे एमएच १० आणि एमएच ११. उन्हात केबिनचा पत्रा इतका तापला, की हात लावला तर चटका. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा होणार, हे मी सांगितलं. दाजी म्हणाले, त्याचं डिझेल कोण घालणार?

परतीचं भाडं शोधणं हा या खेपेतला सगळ्यात केविलवाणा भाग. दाजींच्या फोनवर आठ-दहा ग्रुप. ‘कळंबोली टू कोल्हापूर, १८ टन, अर्जंट.’ फोन लावला की गेलेलं असतं. लागलं तर ८५०. अर्ध्या तासाने तोच माणूस ८०० म्हणतो. कारण त्याला ठाऊक आहे, सांगलीची गाडी सांगलीलाच जाणार. मोकळी गेली तरी टोल आणि डिझेल जाणारच. मग वरखर्च निघेल त्या भावात ती माल घेणार. परतीचा भाव हा असा ठरतो. मालाच्या किमतीशी, रस्त्याशी, गाडीच्या हप्त्याशी त्याचा काही संबंध राहत नाही. समोरचा किती अडलाय तेवढंच बघतात.

चहाच्या टपरीवर तिथलाच एक गाडीवाला भेटला, कळंबोलीत गाडी लावणारा. आम्ही सांगलीचे म्हटल्यावर तोंड वाकडं करून म्हणाला, तुम्ही लोक ८०० ला उचलता म्हणून आम्हाला हजार कुणी देत नाही. मला राग आला. दाजींना नाही. ते म्हणाले, "खरं हाय त्येचं. सांगलीत बेळगावची गाडी येती तवा मी बी हेच म्हणतो."

रात्री केबिनमध्ये दिवा लावून वही काढली. तोपर्यंत मी ‘ड्रायव्हर पगार’ असा एक रकाना करून ठेवला होता. दाजींनी पेन घेऊन त्यावर आडवी रेघ मारली. "मी मलाच पगार कसा देणार? वेडं हायसा काय?" मी म्हटलं, सांगलीत ड्रायव्हर ठेवला तर १८-२० हजार पगार आणि वर भत्ता द्यावा लागतो. "म्हणून तर ठेवत न्हाई."

मग २०१८ चा विषय निघाला. त्या जुलैत सरकारने ॲक्सलच्या वजनाची मर्यादा वाढवली. दहा टायरच्या गाडीचं मालासकट एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टन झालं. गाडीवाल्यांना आनंद व्हायला हवा होता, टनावर भाडं, टन वाढले. पण माल तेवढाच होता. तो कमी गाड्यांत बसू लागला, उरलेल्या गाड्या रिकाम्या राहिल्या, भाव खाली आला. त्याच महिन्यात देशभर ट्रकवाल्यांचा आठ दिवस संप झाला. दाजी तेव्हा दुसऱ्याच्या गाडीवर होते. "साडेतीन टन सरकारनं आमाला दिलं, ते व्यापाऱ्यानं आमच्या हातातनं घेतलं," हे त्यांचं वाक्य मी जसंच्या तसं वहीत उतरवलं.

गुरुवार, कळंबोली

सकाळी अकराला भाडं लागलं. कुपवाड एमआयडीसीसाठी लोखंडी गज, साडेअठरा टन, ८०० ने. म्हणजे १४,८००. दलाली ५००. भरायला चार वाजले.

त्या वेळात मी सगळी बेरीज मांडली. वाचताना कंटाळा येईल, पण एवढं सांगतोच, कारण मी याच्यासाठीच गेलो होतो. जाण्याचे २०,७०० आणि येण्याचे १४,८००, एकूण ३५,५००. डिझेल १९० लिटर, ९१ च्या भावाने १७,२९०. टोल दोन्ही बाजूंचा ५,४००. वाराई २,३००, दलाली १,२००. काटा, पार्किंग, दाजींचं जेवण, एक पंक्चर आणि जिथली पावती मिळत नाही तिथले ३००, असे मिळून १,८६०. उरले ७,४५०. त्यासाठी सोमवार दुपार ते शुक्रवार दुपार.

अशा खेपा महिन्याला सहा होतात. म्हणजे ४४,७००. त्यातून हप्ता ३१,८००. विमा महिन्याला ५,७०० च्या आसपास पडतो, कारण एवढ्या वजनाच्या गाडीचा नुसता थर्ड पार्टीच वर्षाला ४३,९५० आहे. टायर, निम्मे रिमोल्ड म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले धरून, ६,५००. ऑइल-दुरुस्ती ४,०००. टॅक्स, पासिंग, परमिट मिळून १,५००. बेरीज ४९,५००. महिन्याला ४,८०० ने खाली. पगार न धरता.

मग गाडी चालू कशी? आता दिसलं ते असं. टायर फुटेपर्यंत त्याचा खर्च दाजींच्या लेखी खर्च नसतो. फुटला की ताईचं गंठण गहाण पडतं. दुधाचे पैसे घरात येतात. हंगामात दोन-चार चांगली भाडी लागतात. आणि गाडी दर खेपेला ७२० किलोमीटरने म्हातारी होते, ते कुणी लिहीत नाही. हप्ते चौदा उरलेत. "हप्ता फिटला की गाडी आपली," हा त्यांचा एकच आधार, आणि तो अगदी खोटाही नाही. फक्त तोवर इंजिनाचं काम निघालेलं असेल.

दोन गोष्टी मला तिथे उन्हात बसून कळल्या. एक, या चार दिवसांत चाकं जेमतेम चोवीस तास फिरली असतील, बाकी आम्ही उभे. वाशीतली रात्र आणि कळंबोलीतली रात्र वाचली तर महिन्याला सहाच्या आठ खेपा होतात आणि टायर जास्त झिजले तरी सात-आठ हजार शिल्लक राहते. दुसरी गोष्ट भावाची. दोन्ही बाजूंना टनामागे फक्त शंभर रुपये वाढले, तर एका खेपेला ३,६५० सुटतात, सहा खेपांना २१,९००. खड्डा भरून दाजींच्या हातात सतरा हजार येतात, म्हणजे त्यांनी रेघ मारलेला तो पगार, जवळजवळ सगळा. आणि हळदीच्या व्यापाऱ्याला ते किती पडतं? किलोला दहा पैसे.

मी हे दाजींना सांगितलं. ते गजांवर साखळी आवळत होते. म्हणाले, "दहा पैसं कोण मागायचं? मी मागितलं तर मागची गाडी लागती."

याला माझ्याकडे उत्तर नाही. संघटना असल्या तरी प्रत्येकाचा हप्ता वेगळ्या तारखेला असतो आणि ज्याची तारीख उद्या आहे तो आज भाव पाडतो. माझं मत विचाराल तर कलम ६७ कपाटातून बाहेर काढून किमान भाडं ठरवावं, निदान मोठ्या मार्गांवर. अंमलबजावणी अवघड आहे, मान्य. टनावरचं भाडं कागदावर एक आणि हातात एक, असंही होईल. पण आज तर कागदावरही काही नाही.

गुरुवारची रात्र, शुक्रवार

परतताना खंबाटकी घाटातून. साडेअठरा टन लोखंड, दुसरा गिअर, ताशी दहा-बारा. शेजारून नव्या बोगद्यांच्या कामाचे दिवे. दाजी डिझेलच्या काट्याकडे बघत नाहीत, आवाजावर कान ठेवतात. घाट चढून आल्यावर थांबले, खाली उतरले, हवा कळावी म्हणून हातातला रॉड प्रत्येक टायरवर मारून बघितला. मला पेढे घ्यायचे होते, पण रात्री दोनला साताऱ्यात कंदी पेढे कोण देणार?

सकाळी साडेसातला कुपवाड. बाराला गाडी खाली.

घरी ताईने वही मागून घेतली. शेवटची बेरीज न बघता तिने आधी ती आडवी रेघ बघितली. "हे कुणी खोडलं?" दाजी आंघोळीला निघून गेले. ती काही बोलली नाही, पेनने त्या रेघेच्या वर पुन्हा ‘पगार’ लिहिलं, आकडा मोकळा सोडला. विम्याचं विचारलं तर म्हणाली, भरूया, चौदाच तर हप्ते हायत. मीही विका म्हणालो नाही. महिनाभर माझं उत्तर ‘विका’ असंच तयार होतं.

चार वाजता ट्रान्सपोर्टचा फोन आला. उद्या पुन्हा वाशी, हळदच. दाजी अंगणात उभे राहून ऐकत होते. "बरं," म्हणाले. मग, "बरं, बरं. लावतो गाडी."

"किती?" मी विचारलं.

"अकराशे."

रॉड घेऊन ते गाडीकडे गेले. एकेका टायरवर ठोका पडत गेला, टण, टण, टण. मागच्या डाव्या बाजूचा आतला तेवढा बद्द वाजला.